हातचा न घेता करायची वजाबाकी

दत्तू, तुझ्या दहाव्याला प्रवरेच्या काठी माझ्या हातात माईक दिला होता आणि मी तो जवळजवळ लगेच परत केला. तू असतास तर म्हणाला असतास, "नगरहून एसटीनं आला आन् एवढंच बोलला व्हय?"

काय झालं ते सांगतो. प्रवचन झालं होतं, पिंड ठेवायला थोडा अवकाश होता, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू होती. तुझा एक जुना विद्यार्थी उठला. आता कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. तो बोलला मनापासून. "आमचे सर आधी मिलिटरीत हुते. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचे गुप्त संदेश गणितानं सोडवायच्या कामावर. पर साहेब म्हणले, गडी हुशार हाय, पर लई हळू हाय. दिलं धाडून माघारी. मिलिटरीचं नुकसान झालं, पर आपल्या देवळालीच्या पोरांचं गणित सुधारलं." लोक हसले. वाईट अर्थानं नाही, तुझ्या आठवणीनं हसले. मग तो म्हणाला, "सरांचे मिलिटरीतले जोडीदार वसंतराव इथं हाएत, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उठलो. समोर नदीत कमरेएवढ्या पाण्यात काही माणसं उभी होती. मी म्हणालो, दत्तात्रय फार चांगला माणूस होता. आणि बसलो.

तू हळू नव्हतास. एवढंच वाक्य मला तिथे बोलायचं होतं. जन्मात मला भेटलेल्या माणसांत आकड्यांशी सगळ्यांत चपळ तू होतास, आणि "हळू" हा शिक्का तुझ्यावर माझ्यामुळे बसला. आता हे लिहून पेपरला देतोय. दहाव्याला आलेली माणसं तो वाचतात. तुझी परवानगी घ्यायची राहिली, पण तू ती दिली नसतीस असा मला दाट संशय आहे.

आपण नगरच्या कॉलेजात गणिताच्या वर्गात एका बाकावर बसायचो. मी शिक्षकाच्या घरातला, आठ पिढ्या पाढे म्हणणाऱ्यांतला. तू उसाच्या शेतातून सायकलनं स्टँडवर आणि तिथून एसटीनं येणारा. परीक्षेत मार्क मला जास्त पडायचे, कारण मी नीट मांडायचो. तू उत्तर लिहून मोकळा व्हायचास आणि मधल्या पायऱ्या विचारल्या की म्हणायचास, "दिसतंय की." भरतीला आधी मी गेलो, मागून तू आलास. त्या थोड्याशा फरकावर मी तुझा ज्येष्ठ ठरलो. पुढचं सगळं त्या फरकावर घडलं.

वाचणाऱ्यांना काम काय होतं ते थोडं सांगायला हवं. ते आकडे, त्या किल्ल्या केव्हाच मेल्या आहेत, त्यात आता लपवण्यासारखं काही नाही. पलीकडचे लोक प्रत्येक शब्दासाठी, प्रत्येक ठिकाणासाठी एक चार अंकी आकडा ठरवून ठेवत. त्या आकड्यात किल्लीचा दुसरा गुप्त आकडा मिळवत आणि येईल ते बिनतारीवरून पाठवत. आपण ते ऐकून उतरवायचो. किल्लीचा आकडा शोधला की तो वजा करायचा, खालून खरा आकडा निघायचा. गंमत अशी की ही बेरीज-वजाबाकी शाळेतली नव्हती. तिच्यात हातचा नव्हता. चारातून नऊ जात नाहीत, म्हणून चाराचे चौदा करायचे, पाच लिहायचे, इथपर्यंत शाळेसारखंच. पण शाळेत आपण तो एक शेजारच्या घरातून उसना घेतलेला असतो, तो तिथून कमी करतो. इथे शेजारच्या घराला हात लावायचा नाही. प्रत्येक घर आपल्यापुरतं.

ऐकायला सोपं आहे. पण बिगरीपासून हाताला लागलेली सवय सोडणं किती अवघड असतं, हे ज्यानं दिवसभर ते केलंय त्यालाच कळेल.

राजस्थानच्या वाळूतल्या त्या तंबूत आपण पाठीला पाठ लावून बसायचो. कागद मागे राहू नये म्हणून गणितं दगडी पाटीवर करायची, ही कल्पना तुझी. मेजरसाहेब दक्षिणेकडचे, त्यांना ती फार आवडली. पाट्या बाजारातून आल्या तेव्हा तू म्हणालास, "आता पाटी फुटली म्हणून मास्तरांचा मारबी खावा लागनार." नियम एकच होता. दोघांनी एकच संदेश वेगवेगळा सोडवायचा, दुसऱ्याच्या पाटीत बघायचं नाही, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच ती मेजरसाहेबांकडे न्यायची. जुळली नाहीत तर जुळेपर्यंत पुन्हा.

ती किल्ली पहिल्यांदा फोडलीस तू. सगळे डोकं धरून बसले होते. मी वारंवारितेचे तक्ते मांडत होतो, कुठला आकडा किती वेळा येतो त्याचे. तू नुसता ऐकलेले संदेश पुढे-मागे करत होतास. मग म्हणालास, "वसंता, ह्यातला एक संदेश दर थोड्या दिसानं येतो, सारख्याच लांबीचा. ही पान्याची पाळी हाय." मी म्हणालो, वाळवंटात कसली पाळी. तू म्हणालास, "अरे, आमच्या पाटाच्या चारीवर पाटकरी अशीच खबर देतो. पानी सुटलं, अमक्याला इतकं, तमक्याला इतकं. शब्द तेच, आकडे फक्त बदलतात. ह्यांचं टँकरचं पानी हाय हे." आणि खरंच तसं निघालं. पलीकडचा कोणी आळशी गडी पाण्याच्या निरोपाला दर वेळी तीच किल्ली वापरत होता. एकाच किल्लीचे दोन संदेश एकमेकांतून वजा केले की किल्ली आपोआप उडून जाते, उरतो तो नुसत्या शब्दांतला फरक. तिथून तू आत शिरलास. विहिरी, टेकड्या, रस्ते यांचे आकडे एकेक करून आपल्या हाती आले. माझे तक्ते तू नंतर फार मान देऊन वापरलेस. ते लागले नसते तरी चाललं असतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

आता तो दिवस.

दुपार होती. संदेश छोटा होता. संध्याकाळी तोफा डागायच्या, आणि कुठे त्याचा एक आकडा. आपल्या बाजूला एक विहीर होती, चौकीतले लोक दिवस कलताना तिथे पाणी भरायला जमायचे. थोड्या अंतरावर एक ओसाड टेकडी होती. तुझी पाटी माझ्या आधी पालथी पडली. नेहमीप्रमाणेच. मी सोडवून झाल्यावर विचारलं, काय आलं?

"विहीर," तू म्हणालास.

माझ्या पाटीवर टेकडी होती, तसं मी म्हणालो. एका घरात तुझा दोन होता आणि माझा एक.

मी म्हणालो, पुन्हा कर. तू केलंस. पुन्हा विहीर. "तू बी एकदा बघ," तू म्हणालास. मी म्हणालो, मी बघितलंय. मी बघितलं नव्हतं. पाठीमागून तुझ्या पेन्सिलीचा आवाज येत होता, आणि मला त्या आवाजाचा राग येत होता, कारण त्यात कुठे अडखळणं नव्हतं. मी म्हणालो, अजून एकदा कर, नीट, सावकाश. तू तिसऱ्यांदा करायला घेतलंस. तेव्हा मला दिसलं. मी हातचा घेतला होता. शेवटच्या घरासाठी शेजारच्या घरातून एक उसना आणला होता, तिसरीतल्या मुलासारखा.

मी शर्टाच्या बाहीनं तो एक पुसला, तिथे दोन लिहिला आणि म्हणालो, जुळलं.

मेजरसाहेबांच्या तंबूपर्यंत मी पळत गेलो. त्यांनी फोन उचलला. लाइन लागत नव्हती. दिवस कलताना लागली तेव्हा पलीकडून बोलणाऱ्याच्या आवाजामागे तोफांचे आवाज येत होते. विहिरीवर किती माणसं गेली तो आकडा मला माहीत आहे. तो इथे लिहीत नाही. माणसांना पुन्हा आकडा करायची माझी इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांनी आपल्याला बोलावलं. उशीर का झाला, एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात. ज्येष्ठ म्हणून उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हणालो, साहेब, दुसऱ्याचं उत्तर जुळायला वेळ लागला. यात एकही शब्द खोटा नव्हता. असं वाक्य तयार करायला मला रात्रभराची गरजही पडली नव्हती, ते आपोआप तोंडात आलं. साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "होय साहेब. मला तीनदा करावं लागलं."

तेही खरंच होतं.

तुला मागच्या भांडारात पाठवलं, ब्लँकेटं आणि पाण्याचे डबे सांभाळायला. जाताना तू तुझी पाटी माझ्याकडे दिलीस आणि म्हणालास, "फोडू नको, लेका." लढाई संपली. मला शाबासकी मिळाली, बढती मिळाली. पुढे कित्येक वर्षं मी नव्या पोरांना हीच वजाबाकी शिकवली. पहिल्या तासाला मी त्यांना सांगायचो, हातचा घ्यायचा नाही, एका माणसानं एकदा घेतला आणि त्यापायी फार नुकसान झालं. तो माणूस कोण, ते त्यांनी कधी विचारलं नाही. या कामाचे तपशील बाहेर सांगायचे नाहीत अशी आपण सही केली होती. त्या सहीनं मला फार छान लपवलं.

तू परत आलास आणि शाळेत लागलास. कोणी विचारलं की म्हणायचास, "हळू निघालो, म्हणून धाडलं." विनोद करायचास त्याचा. सुमनवहिनींनी तर तो विनोद घरात कायमचा ठेवून घेतला. मी पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा तू चपला घालायला वेळ लावत होतास, तर त्या मला म्हणाल्या, "भावजी, सरकारनं हळू म्हनून टाकून दिलेला मानूस माझ्या पदरात पडला बगा." तू हसलास. मी पण हसलो. ते हसू मला अजून आठवतं, माझं.

निवृत्त होऊन मी नगरला सावेडीत राहायला आलो, तेव्हापासून आपलं जाणं-येणं वाढलं. माझी बायको गेली तेव्हा तू येऊन राहिलास. पाहुणे होते तोवर बाजूला बसलास, ते गेल्यावर स्वयंपाकघरात शिरलास आणि भांडी घासलीस. मला कुकर लावायला तू शिकवलंस. "वरनाला पानी ह्या बोटापर्यंत," असं दाखवून. त्या आठवड्यात मी तुला सांगणार होतो. एकदा तोंडही उघडलं. तू म्हणालास, "आधी जेव."

आणि तुझ्या ओसरीवरचे आपले वाद. विषय एकच. तू म्हणायचास की संदेश लवकर गेला असता तरी काही उपयोग नव्हता. "लाइन तुटलेली हुती, वसंता. मानूस पळवला असता तरी वाळूत किती पळनार? तुला सांगतो, पोचलाच नसता." मी म्हणायचो, दुपारी लाइन चालू होती, मी स्वतः ऐकलं होतं. तू चिडायचास. जमिनीवर काडीनं अंतर मांडायचास, वेळ मांडायचास, शक्यता काढायचास. दर वेळी तुझं उत्तर एकच यायचं, की ती माणसं वाचली नसती. तुझ्या गणितात एवढी ओढाताण मी दुसऱ्या कशात पाहिली नाही. लाइन तुटल्याची वेळ तू दर वर्षी थोडी आधी आधी नेत होतास.

मला वाटायचं, हा स्वतःला सोडवून घेतोय. आपण हळू पडलो याचं ओझं बिचारा अजून वाहतोय, आणि मी त्याला ते खाली ठेवू देत नाही. मी मनातून तुझी कीव करायचो, दत्तू. हे लिहिताना मला सगळ्यांत जास्त लाज याची वाटते.

दहाव्याहून मी तुझ्या घरी आलो. मंडळी पांगली होती. ओसरीवर तुझा फोटो, त्याला हार, समोर समई. तुझी अलका श्रीरामपूरहून आलेली, बँकेत रजा टाकून. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं पाटीवर गणितं करायचात ना? बाबा लहानपणी मला ती बिनहातच्याची वजाबाकी घालायचे. मी चुकले की म्हणायचे, वसंताकाका झालीस. ते पण दमले की हातचा घ्यायचे."

मी विचारलं, असं म्हणायचा?

"हो. मी विचारायची, मग तुम्ही त्यांना सांगायचात का नाही? तर म्हणायचे, दुसऱ्याच्या पाटीत बघायचं नसतं." आणि ती हसली. तिला यात दुसरं काही असेल हे माहीत नव्हतं. तिच्यासाठी ती बापाची एक गोड आठवण होती.

मी तिथे बसून तुझे सगळे वाद पुन्हा ऐकले. तुटलेली लाइन, वाळूत पळणारा माणूस, काडीनं मांडलेली अंतरं. टेकडी म्हटल्याबरोबर तुला माझी चूक दिसली असणार, कुठल्या घरात हातचा घेतला तेही. आणि नंतर, इतकी वर्षं, तू माझ्यासाठी भांडत होतास. माझ्याशीच.

मग मी सांगितलं. अलकाला आणि आतून चहा घेऊन आलेल्या वहिनींना. पुसलेला एक, लिहिलेला दोन, साहेबांना दिलेलं उत्तर, सगळं. अलका रडली नाही. तिनं विचारलं, "विहिरीवरचे लोक वाचले असते?" मी म्हणालो, माहीत नाही. तुझे बाबा म्हणायचे, नाही. माझ्या मते काही वाचले असते. ती उठून अंगणात गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. ती मला क्षमा करील की नाही, मला कळलेलं नाही. तिच्यावर तशी सक्ती नाही.

वहिनी चहाची किटली तशीच धरून उभ्या होत्या.

"म्हंजी ते हळू नव्हते?"

मी म्हणालो, नाही.

"आन् मी जल्मभर चिडवलं त्यांना. पोरांपुढं, पावन्यांपुढं, सगळ्यांपुढं."

याचा मी विचार केला नव्हता. माझं ओझं उतरवायच्या नादात मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवत होतो. मी म्हणालो, वहिनी, त्याला ते आवडायचं. त्यांनी माझ्याकडे नुसती नजर टाकली. तुला काय आवडायचं हे मी त्यांना सांगायचं नव्हतं.

रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेली, गाण्यांचा आवाज मोठा करून. तो दूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "असलं एक गनित करायला त्यांना किती येळ लागायचा?"

मी त्यांच्या हातातल्या किटलीकडे पाहिलं. म्हणालो, तुम्ही हा चहा कपात ओताल ना, तेवढा.

त्यांनी कप पुढे ओढला आणि ओतला. ओतताना कपाकडे पाहिलं, किती वेळ लागतो ते पाहावं तसं. मग कप माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं नव्हतं की त्या घरात मला चहा मिळेल. पदरानं डोळे पुसून त्या फोटोकडे वळल्या. लग्नापासून तुझ्यावर रागवायचा जो आवाज होता, त्याच आवाजात म्हणाल्या, "लई लबाड निघालात."

दत्तू, त्या घरात लबाड मी होतो, आणि मी समोर बसलो होतो. तो शब्दही तू माझ्या वाट्याचा घेतलास.